गोडी राखायची तर यीस्टला उपाशी ठेवा: आस्तीच्या फसफसत्या वाईनचं प्रकरण

माडावरून पहाटे उतरवलेली नीरा ऊन चढायच्या आत प्यावी, नाहीतर तिची माडी होते, हे किनाऱ्यावरच्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. म्हणून तर मडक्याला आतून चुना फासतात आणि नीरा केंद्रावर ती बर्फात ठेवतात. चुना काय, बर्फ काय, दोन्हींचं काम एकच. यीस्टला साखरेवर ताव मारू द्यायचा नाही. गोड रस, यीस्ट आणि ऊब एकत्र आली की आंबणं सुरू होतं आणि एकदा सुरू झालं की बहुतेक वेळा साखर संपल्यावरच थांबतं.

इटलीच्या वायव्येला पिएमोन्ते प्रांत आहे. तिथल्या आस्ती शहराच्या दक्षिणेकडच्या टेकड्यांवर द्राक्षबागायतदारांना आणि वाईन करणाऱ्यांना हेच आंबणं अर्ध्यावर थांबवायचं होतं. द्राक्षाचा रस निम्मा आंबवायचा, त्यातून निघणारा वायू कोंडून धरायचा, उरलेली गोडी तशीच ठेवायची, सगळं बाटलीत भरायचं आणि ती बाटली जहाजाने समुद्रापार गेली, महिनाभर गरम वखारीत पडून राहिली, तरी आत काहीही पुन्हा सुरू होता कामा नये. गोड आणि फसफसती वाईन म्हटल्यावर ही सरळसोट वस्तू वाटते. प्रत्यक्षात ती जमायला तीनशे वर्षं लागली. त्या तीनशे वर्षांत नेमकी अडचण काय होती आणि ती कुणी कशी सोडवली, हे या प्रकरणात मांडतो आहे.

आधी हिशेब

आस्तीच्या आजच्या गोड बाटलीत लिटरमागे साधारण 90 ते 100 ग्रॅम साखर असते, मद्यार्क 7 टक्क्यांच्या आसपास असतो आणि आतला दाब 5 बारच्या घरात असतो. मोटारीच्या टायरात सव्वादोन बार हवा असते, त्यावरून या दाबाची कल्पना यावी.

साखर बाहेरून घातलेली नाही. ती द्राक्षातच होती. समजा, रसात लिटरमागे 210 ग्रॅम साखर आहे. 1 टक्का मद्यार्क तयार व्हायला सुमारे 17 ग्रॅम साखर लागते. म्हणजे 7 टक्क्यांना 119 ग्रॅम खर्ची पडली आणि 91 ग्रॅम उरली. आंबताना साखरेच्या वजनाचा जवळपास अर्धा भाग मद्यार्क होतो आणि अर्धा भाग कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. या 119 ग्रॅमांतून लिटरमागे 58 ग्रॅम वायू निघाला. बाटलीत 5 बार दाब ठेवायला त्यातला 9-10 ग्रॅमच पुरतो. बाकीचा सोडून द्यावा लागतो. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे टाकीच्या झडपेपाशी तो परत लागेल.

आता उरलेल्या 91 ग्रॅमांचं पाहू. ठोकताळा असा की बंद बाटलीत लिटरमागे 4 ग्रॅम साखर आंबली की दाब सुमारे 1 बारने वाढतो. शँपेनवाले बाटलीतल्या दुसऱ्या आंबवणीसाठी मोजून 24 ग्रॅम साखर घालतात आणि 6 बार मिळवतात, तो याच हिशेबाने. आस्तीतली उरलेली सगळी साखर आंबायला लागली तर हिशेब 20 बारच्या पुढे जातो. तिथवर पोचण्याआधीच काच फुटते. एका बाटलीच्या फुटण्याने शेजारची फुटते, तिच्यामुळे तिच्या पलीकडची. त्या काळी तळघरात वावरणारी माणसं चेहऱ्यावर जाळीचे मुखवटे घालत, ती उगाच नाही.

तर अडचण दाब तयार करण्याची नव्हतीच. दाब यीस्ट फुकटात तयार करतं. अडचण होती ती त्याच्या पुढ्यात भरलेलं ताट ठेवून त्याला जेवू न देण्याची.

मग पूर्ण आंबवूनच का टाकत नाहीत?

हा प्रश्न मला नाशिककडच्या मित्रांनी अनेकदा विचारला आहे, आणि तो रास्त आहे. सगळी साखर आंबवली की भीती संपते. शनॅं ब्लांक, शारदोने ही द्राक्षं तशी आंबवतातच. पण आस्तीचं द्राक्ष वेगळं आहे.

ते आहे मोस्कातो बियांको, बारीक मण्यांचं पांढरं मस्कत. बहुतेक वाईन-द्राक्षांच्या रसाला द्राक्षाचा असा खास वास नसतो, वास आंबताना घडतो. मस्कताच्या मण्यातच वास असतो. मणी तोंडात टाकला की जो दरवळ येतो, तोच पेल्यात येतो. तो लिनालूल, जिरेनिऑल, नेरॉल या टर्पीन कुळातल्या द्रव्यांचा. ही नावं परकी वाटली तरी वास आपल्या ओळखीचे आहेत. धण्याच्या तेलात सर्वांत जास्त असतं ते लिनालूल. आणि रोशा गवताचं जे तेल खानदेशात काढलं जाई, ज्याला गुलाबासारखा वास असतो, त्यात मुख्य भाग जिरेनिऑलचा.

मोस्कातो कोरडी होईपर्यंत, म्हणजे साखर संपेपर्यंत, आंबवली की दोन गोष्टी होतात. हा ताजा दरवळ फिका पडतो आणि मागे जिभेवर एक कडवट चव उरते. थोडी साखर राहिली तर ती कडवट चव झाकली जाते आणि वास खुलतो. पिएमोन्तेच्या लोकांनी गोड वाईन केली ती निव्वळ गोडघाशेपणाने नाही. या द्राक्षाला न्याय द्यायचा दुसरा चांगला रस्ता त्यांना दिसला नाही. 2017 पासून ‘आस्ती सेक्को’ नावाने कमी गोड प्रकारालाही मान्यता मिळाली आहे, पण तो थंड तापमान, निवडक यीस्ट आणि काटेकोर गाळणी हाताशी असलेल्या काळाचा आहे.

पिशव्या

इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत बुद्धिमान पाऊल इथे पडलं आणि त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस साव्हॉयचा ड्यूक कार्लो एमान्युएले पहिला याच्या ट्यूरिनच्या दरबारात जोव्हान्नी बात्तिस्ता क्रोचे नावाचा मिलानी जवाहिऱ्या होता. ट्यूरिनजवळच्या टेकड्यांवर त्याची स्वतःची द्राक्षबाग होती. 1606 मध्ये त्याने त्या टेकड्यांवरच्या वाईनवर एक पुस्तक छापलं आणि त्यात नितळ, सुवासिक, गोड आणि फार चढू नये अशी वाईन कशी करायची ते लिहून ठेवलं. रस लवकर निवळून घ्यायचा, गाळायचा, थंडावा धरायचा, असा त्याचा रोख होता. यीस्ट हा सजीव आहे हे कळायला अजून अडीचशे वर्षं होती. पाश्चरचं आंबवणीवरचं काम 1850 च्या दशकाच्या उत्तरार्धातलं. क्रोचेला कारण ठाऊक नव्हतं, पण हाताला उपाय सापडला होता.

पिएमोन्तेच्या गोड वाईनच्या कारागिरीत पुढे या उपायाला पक्कं रूप आलं ते लांब निमुळत्या कापडी पिशव्यांच्या रूपात. या पिशव्यांना तिथे ‘डच पिशव्या’ म्हणत. लाकडी चौकटीला त्या ओळीने टांगायच्या आणि रस त्यांतून ठिबकू द्यायचा. श्रीखंडासाठी चक्का टांगतो तसं चित्र डोळ्यांपुढे आणा, फक्त आपल्याला फडक्यात राहिलेलं हवं असतं आणि त्यांना खाली ठिबकलेलं.

रस आंबायला लागला, वर फेस आणि गाळ जमला, की काढून पिशव्यांतून गाळायचा. नितळ रस पिंपात ठेवला की दोन-चार दिवसांनी तो परत आंबायला लागे, पण पहिल्यापेक्षा मंद. परत गाळायचा. परत आंबे, आणखी मंद. असं करत करत हिवाळा यायचा, आणि एक वेळ अशी यायची की रस गोड आहे, त्यात थोडं यीस्टही आहे, पण आंबणं जवळपास ठप्प.

कारण काय? बऱ्याच जणांना वाटतं, गाळल्याने यीस्ट निघून जातं म्हणून. ते अर्धंच खरं आहे. कापडातून सगळं यीस्ट कधीच अडत नाही, आणि उरलेल्या मूठभर पेशी साखरेवर वाढून परत फौज उभी करू शकतात. खरी गोष्ट अशी की यीस्टला वाढायला नुसती साखर पुरत नाही. त्याला नायट्रोजन लागतो, म्हणजे अमिनो आम्लं आणि अमोनियाचे क्षार, शिवाय जीवनसत्त्वं. द्राक्षरसात यांचा साठा ठरावीक असतो. यीस्टची प्रत्येक नवी पिढी तो साठा शोषून आपल्या अंगात साठवते. ती पिढी गाळून बाहेर काढली की तिच्याबरोबर तिने खाल्लेला नायट्रोजनही बाहेर जातो. तिसऱ्या-चौथ्या गाळणीनंतर रसात साखर भरपूर असते, पण यीस्टचं अंग भरेल असं त्यात काही उरत नाही. शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळेल: पाणी आहे, पण जमीन खताविना झिजली आहे.

गोडी टिकवायला साखर लपवावी लागत नाही, साखरेखेरीज बाकीचं अन्न काढून घ्यावं लागतं. कापड, चौकट आणि धीर एवढ्यावर पिएमोन्तेच्या कामगारांनी हे साधलं, आणि त्यामागचं शास्त्र नंतर लिहिलं गेलं. किंमत मात्र मोठी होती. रात्रंदिवस माणसं लागत, प्रत्येक गाळणीत हवा लागून थोडा वास उडे, थोडा माल वाया जाई. आणि नेम शंभर टक्के कधीच नसे.

कानेल्ली, 1865

कार्लो गांचाचा जन्म 1829 चा. तरुणपणी तो शँपेनच्या रॅंस शहरात गेला, तिथली कामाची रीत शिकला आणि पिएमोन्तेत परत येऊन व्यवसायात पडला. आस्तीजवळच्या कानेल्ली गावात त्याने बसवलेल्या रीतीने 1865 मध्ये मोस्कातोपासून बाटलीत आंबवलेली फसफसती वाईन तयार झाली. इटलीतल्या फसफसत्या वाईनची सुरुवात तिथून मानतात.

पण शँपेनची रीत जशीच्या तशी मोस्कातोला लागू पडणं शक्य नव्हतं, आणि या प्रकरणाचा खरा पेच इथेच आहे. शँपेनमध्ये आधी पूर्ण कोरडी वाईन करतात. मग बाटलीत मोजून साखर आणि यीस्ट घालतात. तेवढी साखर संपली की आंबणं आपोआप थांबतं. शालों गावच्या फ्रान्सवा नावाच्या औषधविक्याने 1836 च्या सुमारास किती साखरेला किती दाब याचं मोजमाप बसवून दिलं आणि शँपेनमधली बाटल्यांची फुटतूट खूप कमी झाली. त्या मोजमापाचा पायाच असा की साखर ठरावीक आहे आणि ती पूर्ण संपणार आहे. शेवटी गोडी हवी असेल तर गाळ काढून टाकल्यावर साखरेचा पाक घालायचा. एकोणिसाव्या शतकातली शँपेन आजच्यापेक्षा कितीतरी गोड असे, ती या पाकामुळे.

मोस्कातोत साखर ठरावीक नव्हती. ती अमाप होती आणि ती संपूच द्यायची नव्हती. मग गांचाच्या हाती थांबवण्याची कोणती खूण राहिली? पिशव्यांनी उपाशी केलेला रस बाटलीत भरायचा, त्यात पाच-सहा बारापुरती ताकद उरली असेल असा अंदाज बांधायचा आणि तळघराच्या थंडीवर भरवसा ठेवायचा. अंदाज कमी पडला तर बाटली शांत आणि मिळमिळीत. जास्त झाला तर फुटली. आणि प्रत्येक बाटली म्हणजे स्वतंत्र टाकी. एका पिंपातून भरलेल्या हजार बाटल्यांत हजार वेगवेगळी आंबणी चाललेली.

तरीही हा धंदा उभा राहिला. कानेल्लीच्या घरांखाली आणि रस्त्यांखाली विटांच्या कमानींची लांबच लांब तळघरं खोदली गेली. वर्षभर तापमान सारखं राहावं म्हणून ती जमिनीखाली. आज त्यांना ‘जमिनीखालची कॅथेड्रलं’ म्हणतात, आणि 2014 मध्ये लांगे-रोएरो आणि मोन्फेर्रातो हा द्राक्षबागांचा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला तेव्हा त्यातल्या सहा भागांपैकी एक ‘कानेल्ली आणि आस्ती स्पुमान्ते’ हा होता (स्पुमान्ते म्हणजे फसफसती). त्या कमानी सुंदर आहेतच. पण फुटणाऱ्या बाटल्यांना थंडावा देण्यासाठी केलेलं हे बांधकाम आहे, हे समजून पाहिलं की त्या जास्त सुंदर दिसतात.

बाटलीऐवजी पिंप

फेदेरिको मार्तिनोत्ती आस्तीच्या सरकारी वाईन-संशोधन केंद्राचा संचालक होता. हे केंद्र 1872 पासून चालू होतं. 1895 मध्ये त्याने एका पद्धतीचं पेटंट घेतलं. कल्पना ऐकायला सोपी आहे: हजार बाटल्यांत हजार आंबण्या करण्यापेक्षा एका मोठ्या, दाब सोसणाऱ्या, बंद पिंपात एकच आंबणी करा. मग ते पिंप गार करा, आतला माल दाबाखालीच गाळा आणि दाबाखालीच बाटलीत भरा.

यातला ‘दाबाखालीच’ हा शब्द महत्त्वाचा. उघड्यावर गाळलं तर वायू उडून जातो आणि परत साधी वाईन हातात राहते.

मार्तिनोत्तीचं पिंप लाकडाचं होतं, भक्कम पट्ट्यांनी आवळलेलं. 1907 मध्ये यूजेन शार्मा या फ्रेंच माणसाने पोलादी टाकीची व्यवस्था बसवून फ्रान्समध्ये पेटंट घेतलं, आणि जगभर पद्धतीला त्याचं नाव चिकटलं. इटलीत आजही आग्रहाने ‘मार्तिनोत्ती पद्धत’ म्हणतात आणि मला तो आग्रह योग्य वाटतो. शार्माने पोलाद आणलं, ते लहान काम नव्हे. पण थांबवण्याची अडचण ज्याच्या दारात होती त्याने वाट काढली, आणि ते दार आस्तीचं होतं.

कल्पना 1895 ची असली तरी तळघरांनी ती लगेच उचलली नाही. दाब सोसणारं पोलाद, भरवशाची शीतकरण यंत्रं, जंतू अडवणारी गाळणी आणि समदाबावर बाटली भरणारं यंत्र, ही चारही साधनं एकत्र परवडायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. तोवर पिशव्या चालू होत्या, बाटल्या फुटत होत्या. आजही काही मोजके उत्पादक आस्ती बाटलीत आंबवून करतात. त्यांच्या हाती आता निर्जंतुक गाळणी आहे, गांचाकडे ती नव्हती.

आजची रीत, टाकीच्या शेजारी उभं राहून

ऑगस्टच्या अखेरीस किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला तोडणी. उतार इतके तीव्र आहेत की यंत्र चालत नाही, घड हातानेच काढावे लागतात. दक्षिणेकडे तोंड असलेल्या उंच उताराला तिथल्या बोलीत ‘सोरी’ म्हणतात. माती पांढरट, चुनखडीची. मण्यांवर उन्हाच्या बाजूने अंबरासारखे तपकिरी ठिपके आले की घड तयार झाला असं जुने लोक मानत.

घड हलक्या हाताने पिळतात. रस लगेच थंड करून निवळतात, गाळतात आणि शून्य अंशाच्या आसपास, बऱ्याचदा त्याच्याही खाली, मोठ्या टाक्यांत ठेवून देतात. साखरेमुळे तो उणे दोन-तीन अंशांना गोठत नाही. नीरा केंद्रावरचा बर्फ तो हाच, फक्त आकार एका इमारतीएवढा.

आता एक गोष्ट जी बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते: सगळा रस सप्टेंबरात आंबवत नाहीत. तो वर्षभर तसाच थंड राहतो. मागणी आली की लागेल तेवढा काढायचा, ऊब द्यायची, यीस्ट सोडायचं आणि बाटलीत भरायचा. मस्कताचा वास बाटलीत टिकत नाही. लिनालूल हळूहळू बदलून मंद वासाची द्रव्यं तयार होतात, ताजं फूल जाऊन सुकलेल्या संत्रासालीकडे वास झुकतो. म्हणून द्राक्ष मागच्या सप्टेंबरचं, पण वाईन या मार्चची, अशी सोय ठेवतात. शीतकरण यंत्राने गोडी राखायला मदत केली हे सगळे सांगतात. त्याने वासाचं कॅलेंडरच बदललं, हे कुणी फारसं सांगत नाही.

रस पोलादी बंद टाकीत येतो, तापमान 18-20 अंशांना आणतात आणि यीस्ट घालतात. सुरुवातीला टाकीची झडप उघडी असते. मघाचा 58 ग्रॅम वायूचा हिशेब आठवा. त्यातला बहुतेक इथे सोडून देतात. मद्यार्क 6 टक्क्यांच्या जवळ आला की झडप बंद. आता दर तासाला दाब वाढतो. मद्यार्काचा शेवटचा एक-सव्वा टक्का बंद टाकीत तयार होतो आणि तेवढ्यातून पाचेक बारापुरता वायू मिळतो. 20 ग्रॅम साखर, 10 ग्रॅम वायू. हिशेब जुळला.

मग नेमक्या वेळी टाकीच्या भिंतींतून ग्लायकॉल नावाचा न गोठणारा गार द्रव खेळवून तापमान झपाट्याने शून्याच्या खाली नेतात. थंडी, दाब आणि मद्यार्क यांच्या एकत्रित माऱ्याने यीस्ट गळाठतं, तळाशी बसतं. लागेल तिथे सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवून गाळ वेगळा करणारं यंत्र, मग दाबाखालीच गाळण्या, शेवटची 0.45 मायक्रॉनच्या छिद्रांची. यीस्टची पेशी त्याच्या दसपट मोठी असते, ती त्यातून जाऊच शकत नाही. बाटलीत आधी तेवढ्याच दाबाचा वायू भरतात आणि मग वाईन सोडतात, त्यामुळे फेस उसळत नाही.

या शेवटच्या गाळणीबद्दल मी हळवा आहे. काही वर्षांपूर्वी एका छोट्या वायनरीत आम्ही गोडसर पांढरी वाईन भरली, फसफसती नव्हे, साधी. लिटरमागे 40 ग्रॅम साखर होती. भरण्याआधी गाळणीची दाब-चाचणी घ्यायची असते, ती त्या दिवशी घाईत राहिली. एप्रिल महिना, गोदाम पत्र्याचं. दहाव्या दिवशी बुचं वर सरकलेली दिसली, बाराव्या दिवशी पहिली बाटली फुटली. पुढच्या चार दिवसांत आम्ही चौघांनी हातमोजे आणि चष्मे लावून प्रत्येक बाटली ओल्या गोणपाटाखाली उघडली. कुणाला लागलं नाही, एवढंच चांगलं झालं. गाळणीच्या एका बारीक चिरेतून गेलेल्या काही पेशींना 40 ग्रॅम साखर आणि पोटभर नायट्रोजन मिळाला होता. कानेल्लीच्या पिशव्यांचं महत्त्व मला तेव्हा कळलं. तो रस आधी उपाशी केलेला असता, तर चिरेतून गेलेल्या पेशींना वाढायला इतकं सोपं गेलं नसतं. आज पिएमोन्तेत पिशव्या नाहीत, पण रस सुरुवातीलाच कडक निवळून आणि गाळून नायट्रोजन आटोक्यात ठेवायची सवय त्यांनी सोडलेली नाही.

दोन भावंडं

त्याच टेकड्या, तेच द्राक्ष, पण आणखी लवकर थांबवलेली वाईन म्हणजे मोस्कातो द’आस्ती. तिचा मद्यार्क 4.5 ते 6.5 टक्के, दाब कमाल 2.5 बार. 210 ग्रॅमांच्या रसाचा मघाचाच हिशेब 5 टक्क्यांना थांबवला तर 125 ग्रॅम साखर उरते. दाब कमी म्हणून तिला तारेने बांधलेलं छत्रीसारखं बूच लागत नाही, साधं सरळ बूच चालतं. पिएमोन्तेतले बागायतदार स्वतःच्या घरी पितात ती बहुधा हीच, आणि मलाही दोघींत हीच जास्त आवडते. बुडबुडे जिभेला टोचत नाहीत, नुसते चाळवतात, आणि वास पुढे येतो.

1967 मध्ये या वाईनला इटलीची ‘डीओसी’ ही प्रदेश आणि रीत ठरवून देणारी सरकारी मान्यता मिळाली, 1993 मध्ये त्याहून वरची ‘डीओसीजी’. त्याच वेळी नावातून ‘स्पुमान्ते’ हा शब्द गाळून नुसतं ‘आस्ती’ ठेवलं. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ही वाईन प्रचंड खपली आणि खपाबरोबर स्वस्त, गोडमिट्ट, वाढदिवसाची वाईन असा शिक्काही बसला. तो शिक्का पूर्ण खोटा नव्हता. मोठ्या कंपन्यांच्या टाक्यांतून निघालेला बराच माल खरोखर सपाट होता. पण ‘गोड म्हणजे हलकी’ हे समीकरण चुकीचं आहे आणि ते आपल्याकडेही आलं आहे. 1980 च्या दशकात इंडेज समूहाने फ्रेंच मार्गदर्शनाखाली नारायणगावला बाटलीत आंबवलेली फसफसती वाईन केली, तेव्हापासून आपल्या मनात फसफसती म्हणजे शँपेनसारखी कोरडी, हेच चित्र बसलं. कोरडी वाईन करताना यीस्ट शेवटपर्यंत धावतं आणि साखर संपल्यावर आपोआप थांबतं. गोडी राखताना त्याला धावता धावता, ठरल्या तासाला, जागच्या जागी धरावं लागतं. यातलं अवघड काम कोणतं, हे दोन्ही करून पाहिलेल्या माणसाला विचारावं.

दरवर्षी आस्ती आणि मोस्कातो द’आस्ती मिळून साधारण 9 ते 10 कोटी बाटल्या निघतात, पन्नासच्या आसपास गावांच्या जवळपास 10 हजार हेक्टर बागांतून.

हाती लागली तर 6 ते 8 अंशांना गार करून प्या, अरुंद उंच पेल्यात नको, रुंद तोंडाच्या पेल्यात, म्हणजे वास नाकापर्यंत येतो. मोस्कातो द’आस्तीवर तोडणीचं वर्ष छापलेलं सापडेल. ते दोनाहून अधिक वर्षांपूर्वीचं असेल तर ती दुकानातच राहू द्यावी. आस्तीवर बहुधा वर्ष नसतं, कारण तिच्यासाठी रस थंड टाकीत किती महिने थांबला होता हे वर्षावरून कळत नाही. तिच्याबाबतीत भरल्याची तारीख किंवा तुकडीचा क्रमांक पाहावा, आणि दुकानदाराकडे नवी पेटी कधी आली ते विचारावं.